नऊ देश, चौदा दिवस… आणि स्टिअरिंग कुणाच्या हाती?

वाचकाचं पत्र:

स. न. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं, वय ६१. मुलगा तीन वर्षांपासून म्युनिकला नोकरीला आहे, सून लग्नानंतर यंदा फेब्रुवारीत तिकडे गेली. मे अखेरीस मी, पत्नी आणि नऊ वर्षांची नात (मुलीची मुलगी) चौदा मुक्कामांसाठी जातोय. भाड्याच्या गाडीने आम्ही पाचजण म्युनिक–प्राग–व्हिएन्ना–व्हेनिस–रोम–इंटरलाकेन–पॅरिस–ब्रुसेल्स–अ‍ॅमस्टरडॅम–म्युनिक असा फेरा मारणार. व्हॅटिकन धरून नऊ देश होतात. एक्सेल शीट सोबत जोडली आहे. गाडी मुलगा चालवेल. त्याच्याकडे भारतीय लायसन्स आहे, तिकडचं काढायला अजून सवड मिळालेली नाही. मी तीस वर्षं गाडी चालवतोय, पण मुलगा म्हणतो, "बाबा, तिथे सगळं उलटं असतं, तुम्ही आपले मागे बसा." पत्नीला विचाराल तर तिला व्हेनिस आणि स्वित्झर्लंडचा बर्फ, एवढंच हवंय. सुनेकडेही इकडचं लायसन्स आहे, ठाण्यात ती रोज गाडी घेऊन ऑफिसला जायची. बेत कसा वाटतो?
— एक निवृत्त प्रवासी, ठाणे

उत्तर:

नमस्कार,

तुमची शीट पाहिली. बँकेतल्या माणसाचं काम, रकाने चोख आहेत. पण शीटच्या आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडकलो आणि उत्तराची सुरुवातही तिथूनच करावी लागतेय. "त्याच्याकडे भारतीय लायसन्स आहे."

जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाचं भारतीय लायसन्स तिथे पहिले सहा महिनेच चालतं. त्यानंतर जर्मन लायसन्स लागतं. काही देशांची लायसन्स तिथे नुसती बदलून मिळतात, पण त्या यादीत भारत नाही. त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मूळ लायसन्स असेल तर ड्रायव्हिंग स्कूलच्या सक्तीच्या तासांतून सुटका होते, एवढीच काय ती सवलत. चिरंजीवांना तिकडे तीन वर्षं झाली. म्हणजे जर्मन कायद्याच्या लेखी त्यांच्याकडे आज लायसन्सच नाही, आणि तरी गाडी चालवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. पावती फाडून सुटण्यातला हा प्रकार नाही. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरचा माणूस कार्ड बघून किल्ली देईलही. पण पुढे साधं घासलं-बिसलं तरी विमा कंपनी हात वर करू शकते. ज्याचं बिऱ्हाड तिथल्या निवास-परवान्यावर चाललंय त्याने हा जुगार खेळू नये. थोडक्यात, मागच्या सीटवर कुणी बसायचंच असेल तर ते चिरंजीवांनी.

गंमत पुढे आहे. तुम्ही तिथे पर्यटक, त्यामुळे तुम्हाला गाडी चालवता येते. मूळ लायसन्स आणि त्याच्या जोडीला आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. नुसता परवाना दाखवून भागत नाही. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर होतो, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. व्हिसा हातात आला की लगेच करून टाका. मुलाकडून लायसन्सचं जर्मन भाषांतरही करवून घ्या, खर्च फार नसतो आणि पोलिसाशी हातवारे करायची वेळ येत नाही.

आणि सूनबाई! त्या फेब्रुवारीत गेल्या, त्यांचे सहा महिने ऑगस्टपर्यंत आहेत. रोज ठाण्याच्या रहदारीतून ऑफिस गाठणारी बाई जर्मन हायवेला, म्हणजे ऑटोबानला, काय घाबरणार? त्यांच्याही लायसन्सचं भाषांतर करून घ्या आणि निदान जर्मनी-ऑस्ट्रियात त्यांना चालवू द्या. भाडेकरारात तुम्ही मुख्य चालक, त्या दुसऱ्या. दुसऱ्या चालकाचं नाव करारात नसेल आणि तो चालवत असताना काही झालं तर विमा असून नसल्यासारखा.

आता तुमचा फेरा. अंतरांची बेरीज मी करून पाहिली, साडेचार हजार किलोमीटरच्या वर जाते. नुसतं चाक फिरतंय असे पंचावन्न तास धरा. चहा, शौचालय, पेट्रोल, कोंडी, पार्किंगचा शोध आणि चुकलेली वळणं मिळवा, सत्तर होतात. रोम ते इंटरलाकेन तुम्ही एका दिवसात टाकलंय, ते जवळपास नऊशे किलोमीटर आहे, मध्ये आख्खे आल्प्स. अ‍ॅमस्टरडॅम ते म्युनिक सव्वाआठशे, आणि दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. हा प्रवास म्हणजे मालाची डिलिव्हरी झाली, सहल नव्हे. शिवाय पॅरिस, रोम, प्राग, अ‍ॅमस्टरडॅम या शहरांत गाडीचा उपयोग शून्य. ती महागड्या पार्किंगमध्ये उभी करून तुम्ही मेट्रोनेच फिरणार. व्हेनिसहून रोमला वेगवान रेल्वे चार तासांच्या आत पोचते, म्युनिकहून पॅरिसला थेट गाडी आहे. मोठी शहरं रेल्वेला द्या, गाडी डोंगराला द्या. पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅम पुढच्या खेपेला, मुलगा काही लगेच परत येत नाही.

वहिनींची यादी मात्र मला पटली. व्हेनिस आणि बर्फ. हे दोन खुंटे ठोकले की दोरी आपोआप ताणली जाते.

पहिले दोन मुक्काम म्युनिकलाच करा, झोपेचं गणित बसेपर्यंत गाडीला हात लावू नका. मग ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग, दीडशे किलोमीटरही नाही. तिथे दोन रात्री, एक दिवस हालश्टाटला. गावात गाडी नेता येत नाही, बाहेरच्या पार्किंगला सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर जागा मिळणं कठीण. तिथून स्लोव्हेनियातलं ब्लेड. तुमच्या शीटमध्ये हा देश नाही याचं मला वाईट वाटलं. तळ्यात बेट, बेटावर चर्च, कड्यावर किल्ला, आणि हॉटेलं स्वित्झर्लंडच्या मानाने बरीच स्वस्त. दोन रात्री. ब्लेडहून व्हेनिसला जाताना पोस्तोयनाच्या गुहा वाटेतच लागतात. आत चक्क छोटी रेल्वे जाते, नात खूश होईल. आत तापमान दहा अंशांच्या आसपास असतं, स्वेटर डिकीत पुरून ठेवू नका.

व्हेनिसमध्ये गाड्या नाहीत, पुलाच्या टोकाशी रस्ता संपतो. म्हणून मुक्काम अलीकडे मेस्त्रेला, पार्किंगवाल्या हॉटेलात दोन रात्री, आणि रोज रेल्वे किंवा ट्रामने पलीकडे. गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेश शुल्क घेतं. मेस्त्रे त्याच महापालिकेत येत असल्याने तुम्हाला ते माफ आहे, पण माफीचा कोड ऑनलाइन काढून जवळ ठेवावा लागतो. मग गार्डा तळ्याकाठी एक रात्र, आणि तिथून मिलान, गोटहार्डचा बोगदा करत स्वित्झर्लंडमधलं एंगेलबर्ग. तीन रात्री. तिथून केबल कारने टिटलिसवर तीन हजार मीटरच्या वर जाता येतं, मे-जूनमध्येही भरपूर बर्फ असतो. युंगफ्राउयोख जास्त गाजलेलं आहे, उंचही आहे, पण पाचजणांच्या तिकिटांचा आकडा बघून तुमची एक्सेल लाल होईल. शेवटी म्युनिक, दोन रात्री.

सगळं मिळून सतराशे किलोमीटरच्या आसपास. देश पाच, आणि आकडा वाढवायचाच असेल तर एंगेलबर्गहून परतताना वाकडी वाट करून लिख्टेनश्टाइनच्या वाडुझला कॉफी प्या, सहा. नातीला शाळेत सांगायला तेवढे पुरेत.

सर्वांत लांब दिवस दोन, गार्डा–एंगेलबर्ग आणि एंगेलबर्ग–म्युनिक. पावणेचारशे-चारशे किलोमीटरचे. गोटहार्डचा बोगदा जवळपास १७ किलोमीटरचा, १९८० सालचा, दोन्ही दिशांना एकेकच लेन. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत त्याच्या तोंडाशी तासन्‌तास रांग लागते. त्यामुळे तो टप्पा मंगळवारी-बुधवारी येईल अशी तारखांची जुळवाजुळव करा. शिवाय पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाला लागून बव्हेरियातल्या शाळांना साधारण दोन आठवडे सुट्टी असते आणि अर्धं म्युनिक इटलीच्या दिशेने निघतं. तुमच्या तारखा त्यात अडकतात का ते मुलाला बघायला सांगा. अडकत असतील तर आठवडाभर पुढे सरका.

गाडीबद्दल. पाच माणसं आणि पाच बॅगा म्हटल्यावर साध्या पाच सीटरची डिकी बंद होत नाही. नात मधल्या सीटवर आणि तिच्या मांडीवर बॅग, असं तिथे चालत नाही. सात सीटर घ्या, मागच्या दोन सीट पाडा. म्युनिकला घेऊन म्युनिकलाच परत करा. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायचं शुल्क कधी कधी भाड्याइतकंच होतं. कोणकोणत्या देशांत नेणार ते बुकिंग करतानाच लेखी कळवा, काही कंपन्या काही देशांत आपल्या गाड्या जाऊ देत नाहीत. ऑटोमॅटिक घ्या, पैसे जास्त पडले तरी. डाव्या बाजूला बसल्यावर गिअर उजव्या हाताला येतो आणि तुमचा डावा हात पहिले दोन दिवस दारालाच धडकत राहतो. आपल्या मारुती-ह्युंदाईत इंडिकेटर उजवीकडे, तिथे डावीकडे. त्यामुळे वळताना वायपर सुरू होणार. होऊ द्या, काच स्वच्छ राहील. नातीसाठी बूस्टर सीट सक्तीची आहे. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ती लागते.

काउंटरवर मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट बहुतेक ठिकाणी चालत नाही. अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. मुलाचं कार्ड आणि तुमचं लायसन्स, ही जोडी चालणार नाही. कार्डावरचे परदेशी व्यवहार निघण्याआधी सुरू करून घ्या, मर्यादा तपासा. आणि गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमसकट.

टोलची पद्धत देशागणिक वेगळी. जर्मनीत छोट्या गाडीला टोल नाही. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि स्वित्झर्लंडमध्ये हायवेसाठी पास घ्यावा लागतो, त्याला व्हिन्येट म्हणतात. आता तो ऑनलाइन थेट गाडीच्या नंबरवर निघतो, काचेवर चिकटवायची गरज नाही. ऑस्ट्रियाचा एक दिवसाचा आणि दहा दिवसांचा मिळतो, स्लोव्हेनियाचा आठवड्याचा. स्विस लोक फक्त वर्षाचाच विकतात, ४० फ्रँक, तुम्ही तीन दिवस असा की तीनशे. पासाशिवाय सापडलात तर दोनशे फ्रँक दंड. पास सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, गुगलवर वरच दिसणाऱ्या बऱ्याच साइट मधल्या दलालांच्या असतात. साल्झबुर्ग ते ब्लेडच्या वाटेवर टाउएर्न आणि काराव्हांकेन या बोगद्यांचा टोल पासाव्यतिरिक्त वेगळा पडतो, तेव्हा चिडू नका.

इटलीत आपल्यासारखे नाके आहेत. आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे. पिवळ्या 'टेलेपास' लेनमध्ये घुसायचं नाही, ती त्यांची फास्टॅग. घुसलातच तर रिव्हर्स घेऊ नका, दंडाची नोटीस परवडते, हायवेवर उलटं जाणं नाही. इटलीतली खरी मेख म्हणजे झेडटीएल, जुन्या शहरभागातली मर्यादित वाहतुकीची हद्द. लाल कडेचा पांढरा गोल आणि त्याखाली बारीक अक्षरांची पाटी, एवढीच खूण. कॅमेरा फोटो काढतो, तुम्हाला काही कळतही नाही, आणि महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर दंड येतो. भाडेकंपनी नाव-पत्ता कळवल्याचे पैसे आधीच कापून मोकळी होते. नकाशाच्या ॲपवर भिस्त ठेवू नका. गावाच्या जुन्या वेशीआधीच गाडी लावा आणि चालत जा.

रस्त्यावरच्या वागणुकीतल्या दोन गोष्टी आपल्या अंगवळणी नसतात. एक, पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो गल्लीतून येत असला तरी. पत्त्यांतल्या चौकटसारखी पिवळी पाटी रस्त्याकडेला दिसली की तुमचा रस्ता मोठा, मग तो थांबेल. दुसरी, ऑटोबानवर कोंडी झाली की गाड्या थांबायच्या आधीच डावीकडची लेन डाव्या कडेला सरकते, बाकीच्या सगळ्या उजवीकडे, आणि मधोमध रुग्णवाहिकेसाठी मोकळी पट्टी तयार होते. सायरन ऐकू येण्याची वाट कुणी बघत नाही. हे प्रथम पाहताना भारी वाटतं, पण तुम्हीही क्षणात सरकायला हवं. न सरकल्याचा दंड दोनशे युरोंपासून सुरू होतो. बाकी डावी लेन ओव्हरटेकपुरती, उजवीकडून ओव्हरटेक नाही. वेगमर्यादेचा आकडा नाही म्हणून ऑटोबानवर उडायची गरज नाही, १३० ही तिथली सुचवलेली मर्यादा आहे, तुम्ही ११० ने आरामात जा. स्वित्झर्लंडमध्ये १२०, आणि तिथे पाच किलोमीटर जास्त झाले तरी सोडत नाहीत.

पंपावर भरून द्यायला कुणी येत नाही. गाडीच्या झाकणाच्या आत चिन्ह असतं, तेच नळीवर शोधायचं. गोलात 'ई' म्हणजे पेट्रोल, चौकोनात 'बी' म्हणजे डिझेल. नावांवर जाऊ नका, फसवी आहेत. इटलीत 'गॅसोलिओ' म्हणजे डिझेल आणि 'बेंझिना' म्हणजे पेट्रोल. जर्मनीत आधी भरायचं, पंपाचा नंबर लक्षात ठेवायचा आणि आत जाऊन पैसे द्यायचे. इटलीत 'सेर्विटो' लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि त्याचे दर चढे असतात. वहिनींना एक सांगून ठेवा, जर्मन हायवेवरच्या शौचालयांना साधारण एक युरो लागतो. त्याची कुपन मिळते, ती तिथल्याच दुकानात वळती होते, टाकून देऊ नका.

पहिली चक्कर रविवारी सकाळी मारा. जर्मनीत रविवारी हायवेवर ट्रकना बंदी असते, रस्ता मोकळा मिळतो. सूनबाई शेजारी बसल्या तर उत्तम, मुलगा बसला तर तो ब्रेक दाबल्यासारखा पाय आपटत राहील. मात्र त्या दिवशी किराणा दुकानंही बंद, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.

मोबाइलचं एक. युरोपियन युनियनमधल्या सिमवर बाकीच्या सदस्य देशांत वेगळा रोमिंग आकार पडत नाही, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. सीमेवर पोचण्याआधी प्लॅन तपासा, नाहीतर नकाशा बघायचेच पैसे मोजाल.

व्हिसा. नव्या बेतात सर्वांत जास्त रात्री जर्मनीत, म्हणून अर्ज जर्मनीकडे, आणि मुलाचं निमंत्रणही तिथूनच, सगळं सरळ जुळतं. तुमच्या जुन्या शीटमध्ये कुठल्याच देशात धड दोन-तीन रात्रींच्या वर मुक्काम नव्हता, अधिकाऱ्याने भुवया उंचावल्याच असत्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईत उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात, तेव्हा हॉटेलांच्या आधी ही तारीख बघा. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. नात आई-वडिलांशिवाय येतेय म्हणून दोघांचंही नोटरी केलेलं संमतीपत्र लागेल. अर्जाबरोबर एक जोडा आणि दुसरी मूळ प्रत विमानतळासाठी हातातल्या पिशवीत ठेवा.

शेवटी खाण्याचं, कारण मुलासाठी न्यायच्या वस्तूंची यादी वहिनींनी एव्हाना केलेली असणार. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. त्यात साजूक तूप, पेढे, खवा, पनीर सगळं आलं. बहुतेक ताजी फळं आणि कढीपत्ता प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, म्हणजे हापूसची पेटी विमानतळावरच राहणार. चकल्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी बिनघोर न्या. आणि मुलाला आजच फोन करून लेखी परीक्षेचं पुस्तक उघडायला सांगा. ती परीक्षा इंग्रजीतूनही देता येते, आणि पुढच्या खेपेला पॅरिसला तुम्हाला मागे बसून जायचं आहे.

सस्नेह,
सदरकर्ता